मोडलं तरी चालेल अशी यंत्रं

पडद्यावर तासन्‌तास यंत्रं जुळवत बसणारं पोर काही शिकतं का? हा प्रश्न आता पुण्या-मुंबईच्या पालकांपुरता राहिलेला नाही. आमच्या दुसरबीडमध्ये, जालना-मेहकर रस्त्यावरच्या या गावातही, आठवी-नववीतली मुलं मोबाईलवर ठोकळे रचून दार आपोआप उघडणारी घरं बांधतात, पाण्यावर चालणारी शेतं उभी करतात, रुळांवरून धावणाऱ्या गाड्या बनवतात. घरच्यांना तो फक्त ‘गेम’ दिसतो. फ्री फायरमध्ये गोळ्या झाडणारा पोरगा आणि चौकोनी ठोकळ्यांतून गणकयंत्र बनवणारा पोरगा एकाच शिवीचे धनी होतात. हा अन्याय आहे. तो दूर करायचा तर या खेळांकडे सविस्तर पाहावं लागेल: ते आले कुठून, त्यांत नेमकं घडतं काय, संशोधन काय सांगतं आणि आपल्याकडच्या वेल्डिंगच्या दुकानाशी त्यांचं नातं काय.

या प्रकाराला सँडबॉक्स म्हणतात. ठरलेली वाट नसते, सामान आणि नियम मिळतात, पुढे काय करायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. त्याची पाळंमुळं संगणकाच्या फार आधीची आहेत. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ साली भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नट-बोल्टच्या खेळण्याचं पेटंट घेतलं. तेच पुढे मेकॅनो म्हणून जगभर गेलं, आणि आपल्याकडच्या कित्येक अभियंत्यांच्या हातात पाना पहिल्यांदा आला तो अशाच पट्ट्यांमुळे. संगणकावर १९९३ साली ‘द इनक्रेडिबल मशीन’ आलं. त्यात दोरी, कप्पी, चेंडू, पट्टा, उंदराचा पिंजरा असलं सामान जोडून एक क्षुल्लक काम पार पाडायचं असे. २००८ साली ‘लिटलबिगप्लॅनेट’ने खेळाडूंनाच खेळ बांधायला दिला, आणि त्याच वर्षी ‘बँजो-कझूई: नट्स अँड बोल्ट्स’ने भाग जोडून गाड्या बनवणं हाच साहसाचा गाभा केला. पण खरा पूर आला तो माइनक्राफ्टमुळे.

माइनक्राफ्ट २००९ साली लोकांसमोर आलं आणि २०११ च्या नोव्हेंबरात पूर्ण झालं. २०१४ साली मायक्रोसॉफ्टने ते अडीच अब्ज डॉलरला विकत घेतलं आणि २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून जास्त प्रती खपल्या होत्या. सगळं जग एक मीटरच्या ठोकळ्यांचं. २०१० मध्ये त्यात रेडस्टोन नावाची लाल भुकटी आली आणि या खेळाचं रूप पालटलं. जमिनीवर तिची रेघ ओढली की ती तारेसारखी काम करते. पंधरा ठोकळ्यांवर तिचा जोर संपतो, मग मध्ये रिपीटर बसवावा लागतो, आणि रिपीटर लावला की थोडा वेळ वाया जातो. रेडस्टोनची मशाल ज्या ठोकळ्यावर लावली त्या ठोकळ्यात वीज आली की मशाल विझते. ‘असेल तर नाही’ असं उलटं उत्तर देणारी ही मशाल आणि दोन रेघा एकत्र मिळवणं, एवढ्या दोन गोष्टींतून संगणकाची सगळी तर्कद्वारं (लॉजिक गेट) बनतात. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जे फळ्यावर शिकवतात, ते बारा वर्षांचं पोर दार उघडायच्या नादात करून बसतं. त्याचं नाव मात्र त्याला ठाऊक नसतं.

इथे एक यंत्र जवळून पाहू. दुसरबीडचं नाव जिल्ह्यात ज्या गोष्टीसाठी घेतलं जायचं तो जिजामाता सहकारी साखर कारखाना अनेक वर्षं बंद राहिला, म्हणून मी मुद्दाम उसाचं यंत्र निवडतो. माइनक्राफ्टमध्ये ऊस पाण्याला लागूनच उगवतो आणि तीन ठोकळे उंच वाढून थांबतो. तो हाताने तोडता येतो, पण रोज कोण तोडणार? मग मुलं असं करतात. उसाच्या बाजूला दुसऱ्या ठोकळ्याच्या उंचीवर एक पिस्टन बसवतात, तोंड उसाकडे. पिस्टनच्या डोक्यावर निरीक्षक नावाचा ठोकळा ठेवतात, त्याचा डोळाही उसाकडे, म्हणजे बरोबर तिसऱ्या पेरापाशी. पिस्टनच्या मागे एक भरीव ठोकळा आणि त्याच्यावर रेडस्टोनची भुकटी. ऊस तिसऱ्या पेरापर्यंत वाढला की निरीक्षकाला बदल दिसतो, तो मागे झटका सोडतो, भुकटी जागी होते, तिच्याखालचा ठोकळा भारतो, पिस्टन पुढे येतो आणि मधलं पेर तोडतो. वरचं पेर आधाराविना आपोआप गळतं. बुडखा शाबूत राहतो, म्हणजे खोडवा तयारच. तुटलेला ऊस वाहत्या पाण्यात पडून पेटीत जमा होतो.

एका उसाचं झालं. आता वीस उसांची ओळ करायची आहे. प्रत्येक उसाला वेगळा निरीक्षक लावायचा, की एकाच निरीक्षकाने वीसही पिस्टन एकदम हलवायचे? एकच लावला तर सामान वाचतं, पण तो ज्या उसाकडे पाहतो तो वाढला तेव्हा बाकीचे वाढलेले असतीलच असं नाही. काही पिस्टन हवेत ठोसा मारून परत येतात. वेगवेगळे लावले तर एकही पेर वाया जात नाही, पण सामान भरपूर लागतं आणि यंत्र लांबलचक झालं की संगणक अडखळायला लागतो. काही मुलं निरीक्षक काढून घड्याळ लावतात: ठराविक वेळाने सगळं तोडायचं, ऊस वाढला असो वा नसो. तिन्ही रचना चालतात, आणि कोणती बरी हे आपल्याकडे काय कमी आहे त्यावर ठरतं. अशी निवड करता येणं याला मी अभियांत्रिकी म्हणतो. सूत्र पाठ असणं ही त्यातली फार लहान बाब आहे.

या वाटेने लोक फार लांब गेले आहेत. सॅमीयुरी या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळाडूने रेडस्टोनचा संगणक बांधून २०२२ साली त्यावर माइनक्राफ्टचीच एक लहान आवृत्ती चालवून दाखवली, आणि २०२५ साली सुमारे पन्नास लाख पॅरामीटरचं एक छोटं भाषा-प्रारूप याच लाल भुकटीत उभं केलं. ते एका उत्तराला तासन्‌तास घेतं आणि उपयोगाचं म्हणाल तर शून्य आहे. तरी मला ते मोठं काम वाटतं, कारण बंद डबा वाटणारी वस्तू त्याने ठोकळ्या-ठोकळ्याने उघडून दाखवली.

रेडस्टोनमध्ये तर्क आहे, वजन मात्र नाही. ठोकळा हवेत तरंगत राहतो, चाकाला पकड नसते. ती उणीव भरून काढली निन्टेंडोच्या ‘द लिजंड ऑफ झेल्डा: टिअर्स ऑफ द किंगडम’ने. हा खेळ १२ मे २०२३ रोजी आला आणि पहिल्या तीन दिवसांत त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती विकल्या गेल्या. गोष्ट नेहमीचीच आहे, राजकन्या, राक्षस आणि तलवार. पण नायकाच्या हातात अल्ट्राहँड नावाची शक्ती दिली आहे. तिने ओंडका, फळी, चाक, पंखा, रॉकेट काहीही उचलायचं, फिरवायचं आणि हिरव्या चिकट गोंदाने दुसऱ्या वस्तूला चिकटवायचं. नदी ओलांडायची असेल तर पूल बांधा, तराफा करा, नाहीतर उडून जा. खेळाला कुठलंच उत्तर चुकीचं वाटत नाही.

अल्ट्राहँडच्या नावामागे एक खरा इतिहास आहे. गुनपेई योकोई हा तरुण १९६५ साली निन्टेंडोत लागला तेव्हा ती कंपनी पत्ते छापायची, आणि त्याचं काम होतं छपाईच्या यंत्रांची देखभाल. रिकाम्या वेळात त्याने आडव्या-उभ्या पट्ट्यांची, कात्रीसारखी लांब होणारी जाळी आणि टोकाला पकड असं एक खेळणं बनवलं. मालकाच्या ते नजरेस पडलं. १९६६ साली अल्ट्रा हँड नावाने ते बाजारात आलं आणि दहा लाखांहून जास्त विकलं गेलं. पत्त्यांच्या कारखान्यातल्या देखभालीच्या माणसाने खेळण्यांची कंपनी घडवायला सुरुवात केली ती अशी. ज्यांनी साखर कारखान्यातल्या फिटरला जेवणाच्या सुट्टीत भंगारातून पोरासाठी गाडी करताना पाहिलं आहे, त्यांना योकोई परका वाटणार नाही.

या खेळातलं सगळ्यांत गाजलेलं यंत्र दोन पंखे आणि एक सुकाणू एवढंच आहे. एक पंखा पुढे, एक मागे, दोन्ही तिरके, मध्ये सुकाणूची दांडी. बसलं की उडतं. पण पंख्यांचा कोन जरा चुकला तर तोंड वर करून मागे कोसळतं किंवा एका अंगाला गरगर फिरतं. वजनाचा मध्य कुठे आणि पंख्याचा जोर कुठून जातो, या दोन रेघांची गाठ बसली पाहिजे, हे जगभरच्या लाखो मुलांना पडून-पडून कळलं. बॅटरी मर्यादित, म्हणून तीन पंखे लावण्यापेक्षा दोन बरे. भागांच्या संख्येलाही मर्यादा, म्हणून फाफटपसारा चालत नाही. हे सगळं शक्य झालं कारण बनवणाऱ्यांनी खेळातली प्रत्येक हलणारी वस्तू भौतिकीच्या एकाच नियमावलीखाली आणली. दार असो, चाक असो, दगड असो, कुणालाही सवलत नाही. २०२४ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्यांच्या चमूने हे सविस्तर मांडलं. खेळाडूचं यंत्र चाललं नाही तर दोष रचनेचा असतो, खेळाच्या लहरीचा नाही, हा विश्वास त्यातून येतो.

अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठातले यांत्रिकी अभियांत्रिकीचे प्राध्यापक रायन सोचोल यांनी हा खेळ थेट यंत्ररचनेच्या वर्गात आणला. त्यांचं म्हणणं साधं आहे. धातूत एक नमुना बनवायचा तर आठवडे जातात, म्हणून विद्यार्थ्याला सत्रभरात एक-दोनच नमुने जमतात, आणि रचना सुधारण्याची खरी सवय लागत नाही. खेळात एका बैठकीत कितीतरी नमुने होतात, मोडतात, सुधारतात. ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ या रॉकेट बांधण्याच्या खेळाचंही तसंच: मेक्सिकोतल्या एका छोट्या कंपनीने तो बनवला, आणि पुढे नासा व युरोपीय अंतराळ संस्था या दोघांनीही त्याच्याशी हात मिळवले. ‘बिसीज’, ‘स्क्रॅप मेकॅनिक’, ‘ट्रेलमेकर्स’ हे याच कुळातले. त्यांत ‘बिसीज’ मला विशेष आवडतो, कारण त्यात जोर जास्त झाला की सांधा तुटतो.

आता शंकेखोरांची बाजू, कारण ती पोकळ नाही. एका कामातलं कसब दुसऱ्या कामात आपोआप उतरत नाही, हे मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ मध्येच दाखवलं होतं, आणि नंतरच्या शतकभराच्या अभ्यासांनी ते फारसं खोडलेलं नाही. बुद्धिबळ खेळून गणित सुधारत नाही, तसं रेडस्टोन जुळवून वायरिंग येईल असं धरून चालता येत नाही. दुसरीकडे, मनातल्या मनात वस्तू फिरवून पाहण्याची क्षमता सरावाने वाढते, हे मानसशास्त्रज्ञ उटल आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन दाखवलं, आणि हे कसब यंत्राच्या कामात पावलोपावली लागतं. संगणकतज्ज्ञ सीमोर पेपर्ट यांनी १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’मध्ये लिहिलं आहे की लहानपणी गाड्यांच्या दातेरी चाकांशी खेळताना जी जवळीक झाली तिच्यामुळे त्यांना गणित कळलं. पेपर्ट यांचा भर जवळिकीवर होता, माया जडण्यावर होता. चाक दिलं की प्रत्येक मूल गणिती होईल असं ते म्हणत नव्हते. मला हा मधला विचार पटतो. खेळ विषय शिकवत नाही, तो विषयाशी मैत्री लावतो. मैत्री पुढे न्यायला दुसरं कुणी लागतं.

आणि खेळात काय नाही हेही मोजलं पाहिजे. तिथे गंज नाही, वंगण नाही, बेअरिंग झिजत नाही. गोंद सहसा सुटत नाही. दोन भोकं एका सुताने चुकली म्हणून बोल्ट बसत नाही, हे खेळात होतच नाही, आणि खऱ्या कामात निम्मा दिवस त्यातच जातो. सोयाबीनच्या सुगीत आमच्याकडे ट्रॅक्टरला लावून हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, चालवतात. त्याचा ड्रम गव्हासाठी ज्या वेगाने फिरतो त्याच वेगाने सोयाबीनला फिरवला तर दाणा फुटून डाळ होते आणि बाजारात भाव पडतो. म्हणून ड्रमची पुली बदलून मोठी घालतात: पट्टा तोच, ट्रॅक्टरचे फेरे तेच, ड्रम मात्र हळू. शेंगा ओल्या असतील तर पुन्हा वेगळं गणित. ते हडंबेवाल्याच्या कानात असतं, आवाजावरून तो सांगतो की माल जास्त पडतोय. कुठल्याही खेळाने हा कान अजून दिलेला नाही.

पण खऱ्या लोखंडाची एक किंमत आहे, आणि ती महाराष्ट्राने पाहिली आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली आणि ती २०२१-२२ मध्ये देशभर गाजली. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, आणि परवान्यांसाठी त्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. हे यशाचे दाखले. पण ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीला, स्वतः हेलिकॉप्टर बनवणारा चोवीस वर्षांचा पत्रा-कारागीर चाचणीच्या वेळी पातं तुटून मेला. तो फारसा शिकलेला नव्हता, व्हिडिओ पाहून त्याने इथवर मजल मारली होती. त्याच्या हुशारीला, पाती शंभर वेळा तुटू देणारी एखादी जागा आधी मिळाली असती तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. या खेळांची सगळ्यांत मोठी देणगी मला तीच वाटते: तिथे मोडण्याची मुभा आहे. मोडलं की कारण शोधता येतं, आणि शोधायला माणूस शिल्लक असतो.

मुभा आहे, पण ती सगळ्यांना सारखी नाही. झेल्डाला लागणारं यंत्र आपल्याकडे बहुतेक आयातदारांच्या हातून येतं आणि खेड्यातल्या घराला परवडत नाही. माइनक्राफ्ट मोबाईलवर आहे पण पैसे मोजावे लागतात, म्हणून मुलं जाहिरातींनी भरलेल्या फुकट नकला उतरवून घेतात. फोन आईचा किंवा मोठ्या भावाचा, आणि मुलींच्या हाती तो आणखी उशिरा, आणखी थोडा वेळ. वेल्डिंगच्या दुकानात तर मुलीला कुणी पाठवतच नाही. माझ्या मते हे खेळ मुलींसाठी जास्त मोलाचे आहेत, कारण यंत्र उघडून पाहण्याची दुसरी जागा गाव त्यांना देत नाही.

पालकांची भीतीही समजून घेतली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाचं व्यसन हा आजार म्हणून नोंदला आहे. रमीच्या ॲपमध्ये कर्ज करून बसलेली माणसं गावोगाव आहेत, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. त्याच कायद्याने शिकवणारे आणि करमणुकीचे खेळ वेगळे ठेवले आहेत. घरातही तो फरक करावा लागेल. पोराला एकच विचारायचं: आज काय बांधलंस, दाखव. दाखवायला काही असेल तर वेळ वाया गेलेला नाही.

शाळेने काय करावं, याला महाराष्ट्रात जुनी, चांगली उत्तरं आहेत. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. तिथे मुलं वेल्डिंग, वायरिंग, शेती, बांधकाम करत शिकली, आणि २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक तिथे उभी राहिली. अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे एवढ्यावर रचनाशास्त्र शिकवलं: चौकोन करा, दाबला की कलतो, त्रिकोण करा, जागचा हलत नाही. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी शेकडो खेळणी बनवून जगाला फुकट दिली. २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब शाळांना मिळू लागल्या, वीस लाखांपर्यंत अनुदानासह. जिथे शिक्षकाला गोडी आहे तिथे त्या जिवंत आहेत. जिथे नाही तिथे थ्रीडी प्रिंटर कपाटात आहे.

दुसरबीडसारख्या गावाला लॅबची वाट पाहत बसायची गरज नाही. लुआंटी नावाचा, पूर्वी माइनटेस्ट म्हणून ओळखला जाणारा, ठोकळ्यांचा खेळ पूर्णपणे मोफत आणि मुक्त आहे, शाळेतल्या जुन्या संगणकावर चालतो, आणि त्यात मेसेकॉन्स ही जोड घातली की रेडस्टोनसारखी सर्किटं बांधता येतात. पहिल्या आठवड्यात उसाचं यंत्र, दुसऱ्यात काड्यांचा त्रिकोण, तिसऱ्यात दोन पुल्या आणि एक पट्टा, असा क्रम लावता येईल. पुल्यांसाठी गावातल्याच फॅब्रिकेशनवाल्याला बोलवावं, आणि मुलींना पुढे बसवावं. फक्त त्याची वेळ डिसेंबरनंतरची घ्यावी. ऑक्टोबरात त्याच्या दारात हडंब्यांची रांग लागलेली असते.